तोंडीचे वीस मार्क

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात आठवी, नववी, दहावीचं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

दहावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यात तीन दिवस फ्लेक्सचे आणि पेढ्यांचे. शाळांकडून माझ्या व्हॉट्सअॅपवर याद्या येतात. पहिला, दुसरा, तिसरा, शंभर टक्के निकाल, विषयवार सर्वाधिक गुण. वीस-बावीस वर्षं मी या याद्या छापतोय. अलीकडं त्यातल्या एका रकान्यावर नजर अडकते. इंग्रजी : ८९, ९१, ९३. खेड्यातल्या शाळा, एसटीनं येणारी पोरं, घरात इंग्रजीचा वारा नाही आणि मार्क नव्वदच्या पुढं. कौतुक वाटावं असंच आहे. पोरांनी कष्ट घेतलेत, यात शंका नाही.

माझा प्रश्न पोरांना नाही. माझा प्रश्न त्या आकड्याला आहे. इंग्रजीत ९१ म्हणजे नेमकं काय येतं?

टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झालेल्या पोराबद्दल आपल्याला कळतं, की हा मिनिटाला चाळीस शब्द मारतो. गणितात ९१ असलेल्या पोरीपुढं न पाहिलेली दोन उदाहरणं टाकली तर ती सोडवेल, असा भरवसा असतो. इंग्रजीत ९१ असलेलं पोर अनोळखी माणसाशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलेल का? बँकेचं चार पानी पत्र वाचून त्यातली मेख सांगेल का? तुम्ही सांगा. मला त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

आधी पेपर बघू

इंग्रजी हा तिसरी भाषा म्हणून आपल्या बहुतेक पोरांचा विषय. शंभर मार्कांपैकी ८० लेखी आणि २० तोंडी. प्रश्नपत्रिकेला आता कृतिपत्रिका म्हणतात. नाव उगाच बदललेलं नाही. पाठांतर तपासायचं नाही, पोरगं भाषा वापरतं का ते तपासायचं, असा त्यामागचा विचार. आणि खरं सांगायचं तर कागदावर ही कृतिपत्रिका वाईट नाहीच. न पाहिलेला उतारा आहे, त्याचा सारांश आहे, पत्र आहे, संवादलेखन आहे, दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजूनं लिहिणं आहे, तक्ता वाचून परिच्छेद करणं आहे. यातला प्रत्येक प्रश्न नीट घेतला तर तो पोराचा कस काढू शकतो.

मग अडतं कुठं?

कवितेच्या रसग्रहणाचंच घ्या. पाच मार्क. कवितेचं नाव, कवी, यमकरचना, अलंकार, आशय, एवढं लिहायचं. हा प्रश्न कुणी काढला असेल त्याच्या मनात हेच असणार, की पोरानं कविता वाचावी, तिला काय वाटलं ते सांगावं. पण कविता पुस्तकातल्याच असतात आणि त्या किती असतात हे सगळ्यांना माहीत असतं. झालं. प्रत्येक कवितेचं रसग्रहण गाईडमध्ये छापून तयार. जूनपासून पाठ करायला सुरुवात. मी नववी-दहावीच्या पोरांना विचारलं, की या कवितेत तुला काय आवडलं, तर ते 'द थीम ऑफ द पोएम इज' म्हणून सुरुवात करतात आणि मध्ये अडखळले की परत पहिल्यापासून सुरू करतात. पाढ्यासारखं.

पत्राचा साचा पाठ. भाषणाची सुरुवात पाठ, शेवट पाठ, मध्ये दिलेले मुद्दे बसवायचे. सारांशाला उताऱ्यातली चार वाक्यं उचलायची. शिवाय दोन मार्कांना दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून चार छोटे शब्द तयार करणं असतंच. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरासाठी.

म्हणजे प्रश्न वरच्या इयत्तेचा आणि उत्तर पाठांतराचं. परीक्षा घेणाऱ्याला वाटतं आपण विचार तपासला. देणाऱ्याला माहीत असतं आपण काय केलं.

आणि तोंडी

आता त्या वीस मार्कांकडं येऊ. भाषेची चार अंगं. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. त्यातली दोन, ऐकणं आणि बोलणं, या वीस मार्कांत आहेत. ही परीक्षा शाळेतच होते, शाळेतलेच शिक्षक घेतात, मार्क शाळाच भरते.

ती कशी होते, हे मी वेगवेगळ्या शाळांतल्या पोरांना विचारत आलोय. शाळांची नावं घेणार नाही, कारण हा एका शाळेचा दोष नाही. काही ठिकाणी सर एक परिच्छेद वाचायला लावतात. काही ठिकाणी 'माय नेम इज' पासून पाच वाक्यं. काही ठिकाणी पाचजणांना एकदम उभं करून एक प्रश्न. एका पोरानं तर मलाच विचारलं, "काका, तोंडी कधी असते?" त्याच्या गुणपत्रिकेवर तोंडीचे मार्क होते.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांचीही बाजू ऐका. वर्गात साठ-सत्तर पोरं. पोर्शन संपवायचा. मधूनच निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात ही तोंडी. आणि समजा एखाद्यानं ती मनापासून घेतली, तर?

आपल्या भागात असे एक सर होते. आता निवृत्त आहेत. त्यांनी पिशवीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एसटी वेळेवर येत नाही, आगारप्रमुखांशी बोला. दुकानदारानं खराब पेन दिलाय, बदलून मागा. गावात दारूचं दुकान नको, सरपंचांना पटवा. पोरानं चिठ्ठी उचलायची, एक मिनिट विचार करायचा, मग बोलायचं. सर स्वतः आगारप्रमुख व्हायचे, सरपंच व्हायचे आणि उलटे प्रश्न विचारायचे. पहिल्या आठवड्यात पोरं रडकुंडीला आली. दिवाळीनंतर तीच पोरं चिठ्ठी कधी काढायची म्हणून मागं लागली.

सरांनी मार्क दिले ११, १३, ९. चांगल्या पोरांना १६. शाळेत गदारोळ. पालक आले. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, बाकीच्या शाळा १९-२० देतात. आपल्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. अकरावीचा प्रवेश टक्क्यांवर. शेजारच्या शाळेचं पोर न बोलता वीस घेऊन पुढं जाणार आणि आपलं पोर बोलून अकरावर थांबणार. प्रामाणिक परीक्षा घेणाऱ्याच्या पोरांना शिक्षा होते, अशी ही व्यवस्था आहे. सरांनी पुढच्या वर्षी मार्क वाढवले. पण चिठ्ठ्या बंद केल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

राज्यानं एकदा हे करून पाहिलं

आठवतं का बघा. २०१९ ची दहावी. नवा अभ्यासक्रम होता आणि भाषांचे अंतर्गत मार्क काढून टाकले होते. तोंडी नाही, शंभरचा लेखी पेपर. कारण तेच, की शाळा वीसपैकी वीस वाटतात. निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी, २०१८ ला, होता ८९.४१ टक्के. बारा टक्क्यांनी घसरण. सगळी घसरण तोंडीमुळंच झाली असं मी म्हणत नाही, अभ्यासक्रमही नवा होता. पण राज्यभर ओरड झाली. सीबीएसई, आयसीएसईच्या पोरांना अंतर्गत मार्क मिळतात, मग आमचीच पोरं मागं का? प्रश्न रास्त होता. त्याच वर्षी निर्णय फिरला, वीस मार्क परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी कोरोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही लक्षात ठेवा.

त्या दोन वर्षांत मी किती बातम्या केल्या असतील. आंदोलनं, निवेदनं, पत्रकार परिषदा. सगळी चर्चा मार्कांची. वीस काढले, वीस दिले, टक्का घसरला, टक्का वाढला. आपली पोरं इंग्रजी बोलतात का, हा प्रश्न त्यात कुणीच विचारला नाही. ना मार्क काढणाऱ्यांनी, ना परत मागणाऱ्यांनी. मार्कांची चोरी होते म्हणून परीक्षाच बंद केली. ओरड झाली म्हणून परीक्षा परत आणली. पण ती नीट घ्यायची, हा तिसरा रस्ताही होता. तिकडं कुणी फिरकलं नाही.

आपल्याकडं भाषेवरची भांडणं नेहमी दारातच होतात. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीवरून राज्य पेटलं, शेवटी जूनच्या अखेरीस सरकारला ते जीआर मागं घ्यावे लागले. भाषा कधी सुरू करायची, यावर आपण जीव तोडून भांडतो. भांडायलाच पाहिजे. पण दहा वर्षं शिकून बाहेर पडताना पोराच्या पदरात काय पडलं, हे बघायला दाराच्या त्या बाजूला कुणीच उभं नसतं.

वरचं इंग्रजी म्हणजे काय?

इथं एक गैरसमज आहे. वरच्या दर्जाचं इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणं, अवघड शब्द टाकणं, इंग्रजांसारखे उच्चार. त्यावर आपल्याकडं क्लासेसचा धंदा चालतो. साठ दिवसांत फाडफाड, नव्वद दिवसांत फाडफाड.

माझ्या मते खरी पायरी वेगळी आहे. मजकुरात जे सरळ लिहिलेलं नाही ते ओळखता येणं. आपला मुद्दा मांडून, समोरच्यानं उलट प्रश्न केल्यावर तो टिकवता येणं. मित्राशी कसं बोलायचं आणि साहेबाला कसं लिहायचं, यातला फरक कळणं. चार पानांचं म्हणणं आपल्या शब्दांत पाच ओळींत सांगता येणं.

उदाहरण देतो. उच्च न्यायालयाचं कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणं इंग्रजीत चालतं. जमिनीच्या प्रकरणात आदेश झाला की आपल्याकडचे शेतकरी तो कागद घेऊन माझ्याकडं येतात. "काय झालं सांगा हो, आपल्या बाजूनं लागला का?" आता त्या आदेशात 'सब्जेक्ट टू' असे दोन शब्द असतील तर आनंद अर्धाच करायचा असतो. पुढची अट वाचायची असते. सोबत शेतकऱ्याचा पोरगा असतो, दहावीला इंग्रजीत पंच्याऐंशी. त्याला दोन्ही शब्द सुटे सुटे माहीत असतात. त्या जागी त्यांचा अर्थ काय, ते कळत नाही. कारण असं वाचन त्याच्याकडून कुणी कधी करून घेतलं नाही, आणि तपासलंही नाही.

विम्याची पॉलिसी, कर्जाचा करार, कंपनीचं नेमणूकपत्र, सगळीकडं हेच. पाठांतराचं इंग्रजी इथं उपयोगी पडत नाही. वरचं इंग्रजी ही हौस नाही. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागू नये, एवढी साधी गोष्ट आहे.

आणि पायथा किती कच्चा आहे, तेही बघा. 'असर'चा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलांवर होता. २६ राज्यांतले २८ जिल्हे. इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के मुलांना. ज्यांना वाचता आली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. म्हणजे हिशोब केला तर शंभरात बेचाळीसच्या आसपास. वाक्यं साधी, चार-पाच शब्दांची. अशा पायावर आपण रसग्रहणाचे मजले चढवतोय.

पहिली खरी परीक्षा विकत

आपल्या तालुक्यातली एक मुलगी. नाव सांगत नाही. दहावीला इंग्रजीत नव्वदच्या वर, फ्लेक्सवर फोटो, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. पहिल्या वर्षी तिला वर्गात सगळं कळत होतं. मला म्हणाली, "काका, मला कळत होतं हो. पण प्रश्न विचारता येत नव्हता. मनात वाक्य जुळवेपर्यंत मॅडम पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असायच्या." प्रश्न न विचारणारी मुलगी म्हणजे हुशार नसलेली मुलगी, असं तिथं धरलं जातं. कॅम्पसला कंपन्या आल्या तेव्हा लेखी परीक्षेत ती वर होती. गटचर्चेत आठ मिनिटं गप्प बसली. तिनं हार मानली नाही, पुढं शिकली, आज नोकरीत आहे. पण तिची चार वर्षं स्वतःला कमी समजण्यात गेली. तिचं एकच म्हणणं होतं. "मला दहावीतच कुणी सांगितलं असतं, की तुला बोलता येत नाही, तर मी तेव्हाच शिकले असते ना."

दुसरा एक पोरगा, नर्सिंग झालेला. परदेशात जायचं म्हणून आयइएलटीएसला बसला. फी पंधरा हजारांच्या वर. बापानं सोयाबीनच्या पट्टीतून दिली. त्या परीक्षेत बोलण्याची परीक्षा वेगळी असते. ११ ते १४ मिनिटं, परीक्षक समोरासमोर, सगळं रेकॉर्ड होतं. आधी स्वतःबद्दल प्रश्न. मग एक विषय हातात, एक मिनिट तयारीला, त्यावर दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. मग त्यावरच चर्चा. मार्क चार गोष्टींना. ओघ आणि सुसंगती, शब्दांचा साठा, व्याकरण, उच्चार. हे चार निकष आधीपासून जाहीर असतात. कुणीही वाचावेत.

पोरगा म्हणाला, "सोळा वर्षं शिकलो, पण माझ्याशी इंग्रजीत अकरा मिनिटं कुणी बोललं, ते तिथं पहिल्यांदा."

विचार करा. पहिली प्रामाणिक परीक्षा त्याला पैसे देऊन विकत घ्यावी लागली. शहरातल्या, पैसेवाल्या घरातल्या पोराला शाळेनं खोटे वीस दिले तरी फरक पडत नाही. त्याला आपली पातळी घरात कळते, क्लासला कळते, मित्रांत कळते. खोट्या मार्कांनी फसतं ते आपलं पोर. कारण त्याच्याकडं दुसरा आरसाच नाही. शाळेनं दाखवला तोच चेहरा.

म्हणून परीक्षा अवघड करू नका, पोरांवर ताण येतो, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. ताण आहेच. तो फक्त पंधराव्या वर्षाऐवजी एकविसाव्या वर्षी येतो, तोही परक्या शहरात, एकट्यानं.

मराठीचं काय?

काहीजण म्हणतील, पत्रकार मराठी पेपरचा आणि वकिली इंग्रजीची. थांबा. मी आयुष्यभर मराठीत लिहून पोट भरलंय. आणि मराठीची तोंडीही अशीच होते, हे मला माहीत आहे. मुळात आपल्या वर्गात पोरं मराठीतसुद्धा बोलत नाहीत. एका सुरात 'होऽऽ सर' म्हणतात. गावातल्या ग्रामसभेत हेच पोर पुढं उभं राहून चार वाक्यं बोलेल का? ज्याला मराठीत आपला मुद्दा टिकवता येतो, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शोधायचे असतात. ज्याला मुद्दाच मांडता येत नाही, त्याला कुठल्याच भाषेत काही करता येत नाही. चिठ्ठ्यांवाल्या सरांनी म्हणूनच पहिली चिठ्ठी मराठीत बोलायला लावली होती. मग तीच इंग्रजीत.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी द्यायचे आणि शंभर शब्दांत मराठीत करा म्हणायचे. त्यात इंग्रजी किती कळतं ते दिसायचं आणि मराठी किती येतं तेही. लपायला जागा नसायची. अशी परीक्षा घ्यायला ना कॉम्प्युटर लागतो, ना लॅब.

मग करायचं काय?

बोंब मारून थांबायचं नाही म्हणून काही सुचवतो. तज्ज्ञ नाही, पण शिक्षकांशी बोलून लिहितोय.

एक. खरी तोंडी टक्क्यांपासून वेगळी करा. टक्क्यांत धरली की ती वाटलीच जाणार. बोर्डाचे वीस मार्क आहेत तिथं राहू द्या, ते बदलणं आपल्या हातात नाही. त्याशिवाय नववीत एक वेगळी परीक्षा घ्या आणि तिचा दाखला वेगळा द्या. आपल्याकडं चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ग्रेड मिळतेच ना? तशी. नववीत घेतली तर सुधारायला वर्ष हातात राहतं.

दोन. आपल्या शाळेची तोंडी शेजारच्या शाळेच्या शिक्षकानं घ्यावी आणि त्यांची आपल्या. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी ठरवलं तर जमेल. आपल्याच पोराला नऊ देताना हात कापतो. ते ओझं तरी उतरेल.

तीन. वेळेचा हिशोब. साठ पोरं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे सहाशे मिनिटं. दहा तास. रोज पाच तास धरले तर दोन दिवस. स्नेहसंमेलनाच्या तयारीला आपण याहून जास्त दिवस देतो.

चार. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पालकांना ऐकवा. जूनचं एक आणि फेब्रुवारीचं एक. मार्क सांगायची गरजच पडणार नाही. पोराच्या आईला इंग्रजी येत नसलं तरी पोरगं अडखळतंय की बोलतंय, ते तिला कळतं.

पाच. दाखल्यावर आकडा नको, वाक्य लिहा. साध्या मराठीत. 'स्वतःबद्दल बोलते. प्रश्न कळतो. कारण सांगताना अडते. न पाहिलेलं पत्र वाचून अर्थ सांगते, अटी सुटतात.' युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्यात, खालून एवनपासून वर सीटूपर्यंत. त्यांचंही तत्त्व हेच. प्रत्येक पायरीवर माणसाला काय करता येतं, ते लिहायचं. ९१ या आकड्यातून कुणाला काही शिकता येत नाही. 'कारण सांगताना अडते' एवढं वाचलं तर उद्या काय करायचं ते शिक्षकालाही कळतं आणि पोरीलाही.

लातूर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथल्या पॅटर्ननं सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं, की खेड्यातली पोरं परीक्षेत कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. जे तपासलं जातं, ते आपली पोरं रात्रंदिवस एक करून मिळवतात. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, काहीही. याचा अर्थ उलटाही निघतो. जे तपासलंच जात नाही, ते ती शिकत नाहीत. त्यात पोरांची चूक नाही, त्यांनी आपल्याला मागितलं तेच दिलं.

पुढच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठका आहेत. पालक म्हणून तुम्ही तिथं बसता. इमारत, रंगरंगोटी, शालेय पोषण आहार, सगळं बोलून झालं की दोन मिनिटं मागा आणि एवढंच विचारा : आमच्या पोरांची इंग्रजीची तोंडी कोणत्या दिवशी झाली, प्रत्येकाला किती मिनिटं दिली आणि आम्हाला ती ऐकायला मिळेल का? भांडायच्या सुरात नाही, सरांचा मान ठेवून. बरेच शिक्षक मनातून याच प्रश्नाची वाट बघत असतील, असं मला त्यांच्याशी बोलून वाटलंय. त्यांना मागून कुणीतरी उभं राहायला पाहिजे.

तुमच्या शाळेत तोंडी नीट होत असेल तर कमेंटमध्ये शाळेचं नाव अभिमानानं लिहा, मी येऊन बातमी करतो. होत नसेल तर नाव लिहू नका, फक्त गाव लिहा. आणि शिक्षक मंडळींनो, माझं कुठं चुकत असेल तर हक्कानं सांगा. वादाला माझी तयारी आहे. तोंडी, न बघता.